औचित्यविचार आणि कार्ब्युरेटर

एम. ए.च्या वर्गाला मी गेली वीस वर्षे क्षेमेंद्र शिकवतो आहे. अकराव्या शतकातल्या या काश्मिरी पंडिताचे म्हणणे थोडक्यात असे, की अलंकार कितीही मोलाचा असला तरी तो जागच्या जागी आणि बेताने हवा. कंबरेची मेखला गळ्यात घातली तर शोभा होत नाही, हसे होते. मुले हे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विसरून जातात. खरे सांगायचे तर मीही वीस वर्षे हे नुसते सांगतच होतो. त्याचा अर्थ अंगाला लागला तो गेल्या वर्षी, आमच्या मागच्या अंगणात, हात पेट्रोलने बरबटलेले असताना. त्याचीच ही हकीकत.

आमच्या धरमपेठेतल्या घरामागे कडुनिंबाखाली बाबांची अ‍ॅम्बेसेडर उभी होती. मार्क टू, म्हणजे १९६२ ते १९७५ या काळात निघालेल्यांपैकी. बाबांनी ती माझ्या लहानपणी जुनीच घेतली होती. रामटेक, पचमढी, चिखलदरा अशा आमच्या साऱ्या सुट्ट्या तिच्या मागच्या सीटवर गेल्या. मे महिन्यातल्या दुपारी ती वाटेत हमखास बंद पडायची. मग बाबा शांतपणे बॉनेट उघडत, फडके पाण्यात भिजवून पेट्रोल पंपावर टाकत आणि आम्ही झाडाच्या सावलीत बसून गाडी निवण्याची वाट बघत असू. उन्हाने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही, हे शास्त्र मला पुष्कळ पुढे कळले. त्या वयात मला वाटे, गाडीला ताप आला आहे आणि बाबा तिच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवीत आहेत.

बाबा गेले त्याला आठ वर्षे झाली. तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. पत्रा कुजला, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला, तरी ती काढायचा विषय घरात कोणी काढीत नसे.

तो काढला आमच्या चिरंजीवांनी. स्वारी तेव्हा यंत्र-अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. एका रात्री जेवताना तो म्हणाला, “बाबा, आजोबांच्या गाडीचं इंजिन मला द्याल? मला लोटस सेव्हन बांधायची आहे.”

लोटस म्हणजे कमळ एवढेच मला ठाऊक. त्याने फोनवर चित्र दाखवले. कॉलिन चॅपमन नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९५७ साली काढलेली ही दोन माणसांची मोटार. लांब नाक, उघडी चाके, दारे नाहीत, छप्पर असून नसल्यासारखे. वजन जेमतेम पाचशे किलो, आमच्या अ‍ॅम्बेसेडरच्या निम्म्याहून कमी! सुटे भाग विकत घेऊन घरी जोडता यावी अशीच तिची योजना होती. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. पण तिच्या प्रतिकृती जगभर घरोघरी बनत राहिल्या. रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थाने तर १९९६ साली, अडीचशे पौंडांत अशी गाडी कशी बांधावी याचे पुस्तकच लिहिले. आपल्याकडेही अलिबागजवळ चिंकारा मोटर्स नावाच्या लहानशा कारखान्याने या शतकाच्या आरंभी त्याच धर्तीची गाडी काढली. तिला इंजिन घातले ते इसुझूचे १.८ लिटरचे, उत्तरकाळातल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये असे तेच! “म्हणजे अलिबागकरांना जे जमलं ते नागपूरकरांना का जमू नये?” असा चिरंजीवांचा सवाल.

मी आईकडे पाहिले. तिने आमटीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “ने. पण इंजिन विकायचं नाही. आणि ते फटफटीसारखं बोंबलायला लावायचं नाही.” एवढे बोलून ती आत गेली. गाडीची नोंदणी रीतसर रद्द केली. ज्या दिवशी सांगाडा भंगारात गेला, त्या दिवशी ती दुपारभर देवघरात बसून होती. तेव्हापासून या इंजिनाचे बरेवाईट हा आमच्या घरी नुसता हौसेचा विषय राहिला नाही.

चौकोनी नळ्यांचा सांगाडा खिडक्यांचे गज जोडणाऱ्या एका कारागिराने वेल्डिंग करून दिला. त्या साऱ्या खटपटीत मला गम्य नव्हते. मी गुंतलो तो कार्ब्युरेटरच्या प्रकरणात.

या वस्तूला मराठी शब्द नाही. मी ‘इंधनमिश्रक’ असा सुचवून पाहिला, तेव्हा गड्डीगोदामचे म्हातारे मिस्त्री इतके हसले की त्यांच्या हातातला पाना पडला. ते त्याला ‘कार्बेटर’ म्हणतात. काम मात्र साधे आहे. इंजिन श्वास घेते तेव्हा त्या श्वासात पेट्रोलचे बारीक तुषार योग्य प्रमाणात मिसळायचे. वजनाने पेट्रोल एक भाग तर हवा पावणेपंधरा भाग. घनफळाने पाहाल तर एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते! हवा कमी पडली तर धूर, जास्त झाली तर इंजिन तापते आणि अडखळते. २००० सालानंतर थोड्याच वर्षांत नव्या मोटारींतून आणि २०२० नंतर नव्या दुचाक्यांतूनही कार्ब्युरेटर गेला. आता ते काम संगणकावर चालणाऱ्या पिचकाऱ्या करतात. त्यामुळे कार्ब्युरेटर जाणणारी माणसेही विरळ झाली. मिस्त्री त्यांतले एक.

अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सी.सी.चे इंजिन हे तसे कुलवंत आहे. इंग्लंडात १९५५ साली निघालेल्या एम.जी.ए. या देखण्या स्पोर्ट्स मोटारीत याच घराण्याचे, याच मापाचे इंजिन होते. आपल्याकडे ते पन्नासेक अश्वशक्तीवर कचेरीत जात-येत असे. तिकडे आरंभी अडुसष्ट आणि पुढे बहात्तर अश्वशक्तीवर शर्यती धावे. फरक दाबाचा, कॅमचा आणि श्वासाचा. आपल्या इंजिनाला एक कार्ब्युरेटर, त्याला दोन.

हे कळल्यावर चिरंजीवांच्या अंगात वारे शिरले. त्याला हवा होता इटालियन पद्धतीचा मोठ्या घशाचा दुनळी कार्ब्युरेटर. बोलोन्याच्या एदुआर्दो वेबरने १९२३ पासून या धंद्यात नाव काढले आणि त्याच्या दुनळी कार्ब्युरेटरांनी पुढे शर्यतींचे मैदान गाजवले, हे खरेच आहे. पोराने हिशेबही मांडला : पाच हजार फेऱ्यांना इंजिन मिनिटाला सुमारे तीन हजार सातशे लिटर हवा मागेल. तेव्हा घसा जितका मोठा तितके बरे! सुट्टीत एका कारखान्यात उमेदवारी करून मिळवलेले सारे पैसे मोजून त्याने तसला एक जुना कार्ब्युरेटर पुण्याहून आणवला.

मिस्त्रींनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. म्हणाले, “चीज चांगली आहे. पर तुह्या इंजिनची छाती केवढी, अन् नाकपुडी केवढी लावून राहिला तू? पाच हजारावर तू दिवसातून किती वेळ चालवशीन?”

झालेही तसेच. इंजिन जोरात फिरवले की गाणे म्हणे. पण संथ चालीत पायाखालची पट्टी दाबली की गचका देऊन बंद. कारण मिस्त्रींनी बादलीतल्या पाण्यावर समजावले. नळाच्या रबरी नळीचे तोंड बोटाने दाबले तर पाणी जोरात उडते आणि त्याचे तुषार होतात. मोकळे सोडले तर नुसते ओघळते. इंजिन संथ असते तेव्हा ते पूर्ण जोरातल्या हवेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी हवा ओढते. मोठ्या घशातून ती रेंगाळत जाते आणि तिला पेट्रोल उचलता येत नाही. दोष कार्ब्युरेटरचा नव्हता, मागणाऱ्याचा होता. तो शर्यतीच्या इंजिनाचा दागिना. आमच्या इंजिनाच्या गळ्यात ती मेखला झाली होती. मला क्षेमेंद्र आठवला तो तेव्हा.

पोरगा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. पैसे गेले होते आणि त्याहून अभिमान गेला होता. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनीच त्याला हाक मारली. “तुह्या आजोबाचा कार्बेटर कुठं हाय? तो फेकला त नाही ना?”

नव्हता फेकला. तो होता एस.यू. जातीचा, सव्वा इंची तोंडाचा. एस.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनच्या एका प्रसिद्ध पादत्राण व्यापाऱ्याच्या मुलाने, हर्बर्ट स्किनरने, तो काढला. आणि आरंभीच्या नमुन्यांत चामड्याचा भाता असे, हे जोडेवाल्याच्या मुलाला साजेसेच झाले. त्याची युक्ती अशी, की त्याचा घसा एकाच मापाचा नसतो. आत एक दट्ट्या वरखाली होतो. इंजिनाने थोडी हवा ओढली तर तो खाली राहून वाट अरुंद ठेवतो, जास्त ओढली तर वर उचलला जाऊन वाट रुंद करतो. दट्ट्याच्या खाली निमुळती सुई असते, ती पेट्रोलच्या छिद्रात खालीवर होते. दट्ट्या वर गेला की सुईचा बारीक भाग छिद्रात येतो आणि पेट्रोल अधिक सुटते. छिद्र इंचाच्या नव्वद सहस्रांश. म्हणजे ज्याची जेवढी भूक तेवढेच ताटात पडते. घरच्या बाईला हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही, असे सौभाग्यवतींचे यावर मत पडले.

या इंजिनाच्या डोक्याला हवेची दारे दोनच; एकेका दारातून दोन-दोन सिलिंडर श्वास घेतात. तेव्हा दोन एस.यू. लावणे हेच सरळ. एम.जी.ए.ला ते दीड इंची होते. पण आमचे इंजिन कमी दाबाचे. एम.जी.च्याच १२७५ सी.सी.च्या मिजेट गाडीला सव्वा इंचीची जोडी पासष्ट अश्वशक्तीपर्यंत पुरत असे. आम्हाला याहून जास्त नकोच होती. तेव्हा बाबांच्या कार्ब्युरेटरला जोडीदार पाहण्याचे ठरले आणि मग सुरू झाले स्थळसंशोधन! शहरातले भंगारबाजार पालथे घातले. एक स्थळ दिसायला देखणे, पण आतला दट्ट्या अडकतो. दुसऱ्याची सुई वाकडी. तिसऱ्याचा दांडा इतका झिजलेला की बाजूने वारा आत शिरतो. सुईच्या टोकावर कोरलेले अक्षर हीच यांची पत्रिका. दोन्ही सुया एकाच अक्षराच्या हव्यात, नाहीतर संसार व्हायचा नाही. अखेर एका मोडीत निघालेल्या टॅक्सीचे स्थळ पसंत पडले. दट्ट्या उचलून सोडला की दोन्हींतून सारखाच ‘टक्’ असा आवाज आला. मिस्त्री म्हणाले, “जमलं.”

पण खरा संसार लग्नानंतरच सुरू होतो. जुळवणीला, म्हणजे ट्यूनिंगला, आम्ही बसलो तेव्हा मिस्त्रींनी पहिले आठ दिवस कार्ब्युरेटरला हातच लावू दिला नाही. आधी टॅपेटमधल्या फटी, मग प्लग, मग कॉन्टॅक्ट पॉइंट, मग टायमिंग, मग पॅकिंगमधून कुठे वारा तर शिरत नाही ना याची तपासणी. “लोकं सगळ्यात पयले कार्बेटरचा स्क्रू फिरवते, अन् मंग म्हणते गाडी बिघडली,” हे त्यांचे म्हणणे. मला आमच्या खात्यातल्या काही चौकश्या आठवल्या. तिथेही जो हाताशी येतो त्याचाच स्क्रू पहिल्याने पिळला जातो.

मग मुख्य काम. दोन्ही कार्ब्युरेटरांना जोडणारा दांडा सैल करायचा. एक रबरी नळी घेऊन तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे. आत हवेची सळसळ ऐकू येते. मग दुसऱ्याची ऐकायची आणि दोन्ही सळसळी सारख्या होईतो स्क्रू फिरवायचे. त्यानंतर पेट्रोलचे प्रमाण. खालची चकती वर फिरवली की पेट्रोल कमी, खाली फिरवली की जास्त. परीक्षा अशी : दट्ट्या किंचित, इंचाचा बत्तिसावा भाग, उचलायचा. इंजिनाची गती वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त. गती पडून इंजिन मरायला टेकले तर कमी. क्षणभर चढून पुन्हा जागेवर आली तर ठीक.

चिरंजीव आधुनिक. त्याने धुराच्या नळीत एक यंत्र बसवले होते. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण ते आकड्यात दाखवते. तिसऱ्या संध्याकाळी आकडा तंतोतंत बरोबर आला. पोरगा आनंदाने म्हणाला, “झालं!” पण मला काहीतरी खटकत होते. मी यंत्रातला नव्हे. पण आयुष्य लघु-गुरू मोजण्यात गेले आहे. चार सिलिंडर एक-तीन-चार-दोन अशा क्रमाने पेटतात. ते मला चार मात्रांच्या आवर्तनासारखे ऐकू येत होते, आणि त्यात दोन मात्रा सलग जड, दोन हलक्या पडत होत्या. मी भीतभीत तसे म्हटले. पोरगा म्हणाला, “बाबा, आकडा बरोबर आहे.” आणि एवढ्यात त्याने पट्टी दाबली, तो मागच्या कार्ब्युरेटरच्या तोंडातून फाट्कन आवाज होऊन वीतभर ज्वाळ बाहेर आली!

वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडे मिस्त्रींच्या हुकमावरून जवळच होते, म्हणून निभावले. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होत्या. पुढचे आठ दिवस अंगणात संचारबंदी होती.

त्या आठ दिवसांत पोराने विचार केला आणि उत्तर त्यानेच काढले. यंत्र बसवले होते ते दोन्हींचा धूर एकत्र येतो त्या जागी. पुढचा कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त देत होता, मागचा कमी. आणि कमी पेट्रोलची ठिणगीच उलटी तोंडावाटे आली होती. दोन चुकांची सरासरी मात्र अचूक! मी हसलो. वर्गातल्या अर्ध्या मुलांना ऐंशी आणि अर्ध्यांना वीस गुण पडले तर निकालपत्रकात पन्नासची सरासरी झळकते, आणि वर्ग मध्यम आहे असा शेरा बसतो. प्रत्यक्षात वर्गात मध्यम असे एकही मूल नसते. आम्ही प्लग काढून पाहिले. पुढचे दोन काजळीने काळे, मागचे दोन पांढरेफटक. हवा होता तो खरपूस भाजलेल्या बिस्किटाचा रंग.

कारणही सापडले. बाबांच्या कार्ब्युरेटरमधली रबराची जुनी चकती फुगून वेडीवाकडी झाली होती, त्यामुळे पेट्रोल झिरपत होते. आता २०२५ पर्यंत देशभरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे. ते जुन्या रबराला मानवत नाही. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. म्हणून पूर्वीच्या मापाने लावलेले इंजिन आता पेट्रोलला कमी पडते, चकत्या थोड्या खाली घ्याव्या लागतात. आणि या इंजिनात धुराची तापलेली नळी बरोबर कार्ब्युरेटरांच्या खाली येते! तिच्यावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे काय, हे सांगायला नको. रबर बदलले, नळ्या बदलल्या, मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची आड घातली.

दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी पुन्हा बसलो. पोराने यंत्र बंद ठेवले आणि रबरी नळी माझ्या हातात दिली. “तुम्ही ऐका, मी फिरवतो.” आजवर त्याने माझ्याकडे काही मागितले असेल तर ते पैसे किंवा परवानगी. माझे कान त्याला कधी लागले नव्हते. मी पुढचे ऐके, मागचे ऐके, “किंचित जास्त”, “आता कमी” असे सांगे आणि तो स्क्रूचा अष्टमांश फेरा देई. तासाभराने चारी मात्रा सारख्या पडू लागल्या. मिस्त्रींनी दांडा आवळला, दोन्ही दट्ट्ये उचलून पाहिले आणि काही न बोलता हात पुसले. मग पोराने यंत्र सुरू केले. आकडा जवळजवळ तोच होता. आता मात्र तो दोघांचाही होता.

मागे पाहतो तो आई पायरीवर उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला वाटले, आता हिला बाबा आठवणार, डोळ्यांना पदर लागणार. ती कान देऊन ऐकत राहिली आणि म्हणाली, “यांच्या वेळी असा कधी चालला नाही हो हा!”

गाडी आता पुरी झाली आहे. ती रस्त्यावर मात्र येणार नाही. घरी बांधलेल्या मोटारीला मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचण्या आणि प्रमाणपत्रांशिवाय नोंदणी मिळत नाही. जुन्या गाडीतही मूळ बनावटीविरुद्ध बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बजावले आहे. ज्या रस्त्यावर आपली मुलेबाळे चालतात त्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मेहुण्यांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. तिथल्या खासगी वाटेवर टेम्पोतून नेऊन तिला फिरवून आणले. पहिला मान आईचा होता. हेल्मेट घालून ती शेजारच्या सीटवर बसली, दोन फेऱ्या मारल्या आणि उतरल्यावर “कंबर मोडली” एवढाच अभिप्राय दिला.

जुळवणी कायमची नसते, हे मिस्त्रींनी बजावून ठेवले आहे. डिसेंबरातल्या पहाटे नागपूरला दहा अंश असतात आणि मेच्या दुपारी पंचेचाळीस. तेवढ्याने हवा दहा-अकरा टक्के विरळ होते आणि तेच पेट्रोल जास्त ठरते. चिखलदऱ्याला साडेतीन हजार फुटांवर चढवली असती तरी तोच प्रकार झाला असता. म्हणजे मेमध्ये रबरी नळी घेऊन पुन्हा बसायचे. पोरगा तोवर नोकरीला कुठे असेल माहीत नाही, पण मेमध्ये आठ दिवसांची रजा काढीन असे त्याने आतापासून सांगून ठेवले आहे.

परवा दिवाळीच्या साफसफाईत आईने एक जुने सुती लुगडे काढले, त्याचे हातभर तुकडे फाडले, घड्या घातल्या आणि एक घडी माझ्या हाती देत म्हणाली, “ही तुमच्या त्या गाडीत ठेव. उन्हाळ्यात पंपावर टाकायला लागेल.”